हात धुतल्याचा आवाज

१

मला खरकट्या हाताचा तिटकारा आहे. जेवण झालं की माणसानं उठावं, हात धुवावा, चूळ भरावी आणि मग काय गप्पा मारायच्या त्या माराव्यात. पण धुण्याचं दर्शनही मला नको. समोर कोणी खाकरत असेल तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे गावात आम्ही घर बांधलं तेव्हा मी मिस्त्रीच्या मागे लागून बेसिन भिंतीच्या आड घेतलं. जेवणाच्या टेबलावरून ते दिसत नाही. ऐकू मात्र सगळं येतं, त्याला माझा इलाज चालला नाही.

त्यामुळे कोण हात धुतंय ते मला न बघता कळायचं. माझे सासरे, मामाजी, असे खाकरायचे की फाटकाबाहेरचा कुत्रा उठून जायचा. नवरा, अंकुश, टॉवेल नाकासमोर कडीला असताना रोज हाक मारायचा, "समीक्षा, टॉवेल दे." मी गेले नाही की येऊन ओले हात माझ्या ओढणीला पुसायचा. मी चिडायचे. मी चिडते म्हणूनच तो पुसायचा. आणि आमची अंजू, सात वर्षांची, स्टूल ओढत नेऊन त्यावर चढायची, फेस करत गाणं म्हणायची आणि शेवटी ओरडायची, "मम्मी, नळ बंद कर ना, माहा हात पुरत नाई." नळ उघडताना हात पुरतो आणि बंद करताना पुरत नाही, हे कसं, ते तिलाच माहीत.

मी शाळेत चित्रकला शिकवते. यंदाच्या प्रदर्शनाला मी विषय घेतला होता, हात धुण्याची भांडी. मुख्याध्यापकांना हसू आलं. म्हणाले, "मॅडम, फुलं-पानं घ्या की." मी ऐकलं नाही. पोरांनी घराघरातून तांब्याची घंगाळं आणली, पितळी तस्त आणलं, निळ्या काठाचं पोचे पडलेलं इनॅमलचं टोपलं आणलं. जुन्या दरबारी चित्रांच्या छापील प्रती मी नागपूरहून आणल्या. त्यांत एक गोष्ट मला दिसली ती मी पोरांना दाखवली. या चित्रांत तस्तापाशी नेहमी दोघं असतात. एक हात धुणारा आणि एक झारीनं पाणी घालणारा. नळ आला आणि तो दुसरा माणूस चित्रातून गेला. शेवटच्या तक्त्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं की पाणी आधी नदीवर होतं, मग आडावर, मग दारातल्या रांजणात, मग मोरीत, आणि आता ते जेवणाच्या टेबलापाशी येऊन पोचलं आहे. त्या वाक्यावर मी जाम खूश होते.

२

त्या रविवारी मी शाळेत चित्रं टांगत होते. अल्लीपूरचे ओमप्रकाशजी, मामाजींचे लहानपणापासूनचे दोस्त, आदल्या रात्री वारले होते. मामाजी आणि अंकुश मातीला गेले. अंजूला घरी कोणाजवळ ठेवायची, म्हणून तिलाही घेऊन गेले. ती तिथं बायांत बसून राहिली.

संध्याकाळी मी परत आले तर शेजारच्या देवकाबाई फाटकातच उभ्या होत्या.

"काऊन वो समीक्षा, दारात पानी नोहोतं ठेवलं?"

मला आधी कळलंच नाही. मयतीहून आलेल्या माणसानं उंबऱ्याबाहेर हातपाय धुवायचे असतात, त्यासाठी घरचं कोणीतरी बादलीत कडुनिंबाचा पाला टाकून पाणी ठेवतं. सासूबाई होत्या तोवर त्या ठेवायच्या. आता घरात कोणीच नव्हतं, आणि कुंड्यांसाठी अंगणात ठेवलेला ड्रम कोरडा पडला होता.

"मी म्हटलं, मी देतो बालटी," देवकाबाई म्हणाल्या. "तं अंकुश म्हने, रायू द्या काकू, आत बेसिन हाय. तसेच घुसले तिघं बी."

मी बरं म्हटलं आणि आत आले. बेसिनला राखाडी वळ बसला होता, तळाशी माती होती.

"हे काय करून ठेवलं?" मी विचारलं.

"आधी आबाजीनं धुतले, मंग बाबानं, मंग मी," अंजू म्हणाली. "मी स्टुलावर चढून पाय बी धुतले."

मला राग आला तो बेसिनचा. पावडर टाकून घासून काढलं तेव्हा कुठे जीव थंड झाला.

३

दोन-तीन दिवसांनी दुपारी मामाजी जेवून उठले. मी टेबलावर बसून शेंगा सोलत होते. भिंतीआडून नळाचा आवाज आला, मग खाकरणं, मग चूळ, मग पुन्हा खाकरणं. मी तोंड वाकडं केलं. थोड्या वेळानं मामाजी बाहेर येऊन समोरच्या खुर्चीवर बसले आणि हात टेबलावर ठेवला.

त्यांच्या बोटांवर वरण-भात तसाच होता. शितं नखांपाशी चिकटून वाळायला लागली होती.

"मामाजी, हात धुवा ना."

"धुतले ना, बाई."

मी त्यांच्या हाताकडे बोट केलं. त्यांनी हात वर करून पाहिला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि खाली ठेवला. त्यात त्यांना काही वावगं दिसलं नाही. मी बेसिनपाशी जाऊन पाहिलं. बेसिन ओलं होतं, साबणाला फेस होता, टॉवेलचं टोक भिजलेलं होतं.

वय झालं, असं मी मनाशी म्हटलं. दोस्त गेल्याचा धक्का आहे. साबण लावला असेल आणि विसरले असतील. पण साबण लावला तर वरण निघायला हवं होतं, हे माझ्यासारख्या बाईच्या डोक्यातून जाईना. ओल्या फडक्यानं त्यांचा हात पुसायला गेले तर त्यांनी तो मागे घेतला. रागानं नाही. शांतपणे घेतला आणि धोतराआड ठेवला.

४

सकाळी मी त्यांना दिवाणावर चहा नेऊन देते. दुसऱ्या दिवशीही दिला, समोर बसले, माझी बशी तोंडाला लावली आणि आतून मामाजी खाकरले.

तेच खाकरणं. तीनदा, मग एक लांब खोकला, मग "अरे देवा." मी समोर पाहिलं. मामाजी कपात बघत होते. त्यांचे ओठ मिटलेले होते.

मी बशी खाली ठेवली.

आत जाऊन पाहिलं, कोणी नव्हतं. नळ बंद होता, जाळीतून पाणी गुडगुड करत खाली जात होतं. मी अंकुशला उठवलं.

"शेजारचा असन कोनी," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. "पाइपातून आवाज येते. नवीन घराईत होते तसं."

पटण्यासारखं होतं. मी पटवूनही घेतलं. पण त्या दिवसापासून मी कान देऊ लागले आणि मला दिसलं की अल्लीपूरहून आल्यापासून मामाजींना खाकरताना मी एकदाही पाहिलेलं नाही. फक्त ऐकलेलं आहे. बोलणंही त्यांनी जवळजवळ सोडलं होतं. भूक मात्र वाढली होती. एका भाकरीवर हात आखडणारा माणूस चार भाकरी खाऊन रिकाम्या ताटाकडे बघत बसायचा, आणि हात दिवसेंदिवस पिवळा, कडक होत चालला होता.

वर्ध्याला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वय विचारलं, तारीख विचारली, चित्रातली जनावरं ओळखायला लावली. मामाजींनी सगळं बरोबर सांगितलं. या वयात होतं असं, ताई, असं म्हणून डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. आम्ही निघताना मात्र डॉक्टरांनी स्वतःचे हात बराच वेळ चोळून धुतले. मला त्या आवाजाचाही त्रास झाला.

५

प्रदर्शनात एक जागा रिकामी होती, आजच्या बेसिनच्या चित्राची. पोरांनी काढलेली सगळी मापात चुकलेली. शेवटी मीच काढायचं ठरवलं. शाळा अर्धा दिवस होती, अंजू देवकाबाईंकडे खेळत होती, मामाजी बाहेरच्या खोलीत झोपले होते. मी अंजूचं स्टूल बेसिनसमोर ओढलं आणि पेन्सिल घेतली.

पांढऱ्या वस्तूचं चित्र काढायला नजर लागते. पांढऱ्यात निळं कुठे आहे, करडं कुठे आहे ते शोधावं लागतं. मी ते शोधत होते, म्हणूनच मला पिवळं दिसलं.

काठाच्या आतल्या बाजूनं एक पिवळी धार खाली उतरली. बारीक, हळदीची. ती जाळीपर्यंत गेली. तिच्या शेजारी दुसरी उतरली. नळ बंद होता, मी हात लावून पाहिला, घट्ट बंद. धारा मात्र उतरत होत्या, बोटांच्या फटींतून पाणी गळावं तशा, मध्येच थांबत, मध्येच वाढत. साबणदाणीतला साबण कोरडा होता. माझ्या डोळ्यांदेखत त्याच्यावर फेस आला.

कोणाचं तरी डोकं फिरलंय आणि ते माझंच आहे, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, तसं असतं तर मला बरं वाटलं असतं. मग माझ्या खांद्यापाशी म्हाताऱ्या माणसाचा श्वास ऐकू आला. दमलेला. त्यामागून मामाजींचा आवाज, अगदी खालच्या पट्टीत.

"निघून नाई राह्यलं."

मी स्टूल पाडून बाहेरच्या खोलीत पळाले. मामाजी दिवाणावर झोपले होते. उजवा हात चादरीवर होता, पिवळा, शितं चिकटलेला. डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडेच बघत होते.

६

अंकुशला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "तुहं माहेर हाय तळेगावले, चार रोज जाऊन येजो. पोट्टीले बी घेऊन जा." एवढं सांगून तो जेवायला बसला.

मी पाठमोरी भाकरी थापत होते. मागे त्याची खुर्ची सरकल्याचं ऐकलं असं मला आठवतं, पण शपथेवर सांगता येणार नाही. नळाचा आवाज आला. चूळ भरली. आणि नेहमीसारखी हाक आली, "समीक्षा, टॉवेल दे."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला बरं वाटलं. निदान एक तरी गोष्ट घरात जागेवर आहे. मी मुद्दाम गेले नाही. ओले हात ओढणीला लागायची वाट बघत भाकरी उलटवली.

"समीक्षा." पुन्हा हाक आली. "टॉवेल दे ना वो. केव्हाचा उभा हाव."

मी वळले. अंकुश टेबलावरच बसला होता. रिकाम्या ताटासमोर, उजवा हात ताटात, बोटांवर वांग्याची भाजी. आवाज भिंतीआडून आला होता.

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

"रायू दे," तो म्हणाला. "कोनी नाई तथी."

तिथं कोणी आहे असं मी म्हटलंच नव्हतं.

मी त्याचं मनगट धरलं आणि ओढत बेसिनपाशी नेलं. तो आला. तिथं कोणी नव्हतं हे खरं होतं. मी नळ सोडला आणि त्याचा हात धारेखाली धरला. पाणी खाली पडत होतं, बेसिनमध्ये उडत होतं, माझ्या बाहीवर उडत होतं, पण त्याच्या हाताला लागत नव्हतं. हात कोरडा होता. मी नखानं भाजी खरवडली. ती निघाली नाही.

"झालं?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. अकरा वर्षांच्या संसारात अंकुश माझ्याशी इतक्या सभ्यपणे कधी बोलला नव्हता.

मी भ्याले. ज्याच्याशी मी उठता-बसता भांडत आले त्या माणसाला मी भ्याले. अंजूला घेऊन मी आतल्या खोलीत गेले आणि कडी लावली. भिंतीपलीकडून हाक येतच होती. समीक्षा, टॉवेल दे. मी गेले नाही. कानांवर उशी दाबली. मग हाका लांब लांब वाटू लागल्या, आणि सकाळी उशी काढली तेव्हा बंद झालेल्या होत्या.

तेव्हा मला अंजूचे शब्द आठवले. आधी आबाजीनं, मंग बाबानं, मंग मी.

७

तळेगावची गाडी दुपारची होती. सकाळभर मी अंजूला नजरेआड होऊ दिलं नाही. तोंड धुतलं ते स्वयंपाकघरात तांब्यानं, पातेल्यात. खायला दिलं ते माझ्या हातानं, चमच्यानं. ती कुरकुरली, "मी काय लहान हाव का?" मी तिचा गाल चिमटला. तिचे हात दहा वेळा पाहिले असतील. स्वच्छ होते, ओले होते, पेन्सिलीच्या शिशाचा डाग तेवढा होता.

"अथीच बस. मी बॅग घेऊन येतो," मी सांगितलं. माहेरची बोली माझ्या तोंडी घाबरल्यावरच येते.

बॅगेची चेन अडकली. तेवढाच वेळ गेला. बाहेरून अंजू हसल्याचा आवाज आला आणि मी बॅग टाकून धावले.

टेबलावर दोघंही बसले होते, मामाजी आणि अंकुश. अंकुश ऑफिसला गेला आहे असं मी समजत होते. मध्ये वरण-भाताचं ताट होतं. अंजूची खुर्ची रिकामी होती.

"भूक लागली म्हने," अंकुश म्हणाला. "दिले दोन घास."

"कुठी आहे ती?"

"हात धुवाले गेली."

भिंतीआडून स्टूल सरकल्याचा आवाज आला. नळ सुटला. मग तिचं गाणं.

मी भिंतीला वळसा घालायला आणि अंजू तिकडून यायला एकच गाठ पडली. ती माझ्या पोटावर आदळली. मी तिचा उजवा हात पकडून वर केला. बोटांवर भात होता. अंगठ्याला वरण होतं, अजून ओलं.

"धुतले ना मम्मी."

मी तिला उचललं आणि दाराबाहेर पळाले. अंगणातला ड्रम मी आदल्या दिवशी देवकाबाईंच्या नळानं काठोकाठ भरून घेतला होता, का ते तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. कडुनिंबाची डहाळी ओरबाडून पाण्यात टाकली, प्लॅस्टिकचा मग भरला आणि तिच्या हातावर ओतला. एक मग, दुसरा मग. माझी साडी भिजली, पायाखाली चिखल झाला. मी घासलं, नखांनी खरवडलं, तिचं मनगट लाल होईल इतकं चोळलं. ते लाल झालं नाही. पाणी तिच्या कोपरावरून खाली पडत होतं आणि तिचा फ्रॉक कोरडा होता.

"वल्लं लागते का तुले?" मी विचारलं. "बेटा, पानी थंड लागते का?"

ती माझ्याकडे शांतपणे बघत होती. अंजू माझ्या हातात कधी इतकी स्थिर उभी राहिली नव्हती. मी घासत राहिले. मी रडत होते आणि घासत होते.

घरात नळ वाहतच होता. गाणं थांबलं.

"मम्मी," आतून अंजूनं हाक मारली. "नळ बंद कर ना. माहा हात पुरत नाई."

माझा मग खाली पडला. दारातून मला टेबल दिसत होतं. मामाजी आणि अंकुश दोघंही माना वळवून माझ्याकडे बघत होते, मी काय करते ते.

"मम्मी, ये ना." आतला आवाज आता घाबरला होता. "अथी कोनीच नाई."

माझ्या मुठीतल्या बोटांनी माझी बोटं घट्ट धरली. लहान बोटं, तिचीच, करंगळीच्या नखाशी तोच पांढरा ठिपका.

"मी तं अथीच हाव, मम्मी," ती म्हणाली.

आत स्टूल कलंडल्याचा आवाज झाला. काल रात्री मी गेले नाही आणि अंकुशची हाक लांब जात बंद झाली; अंजूची तशी होऊ द्यायची नाही, एवढं मला कळलं. मी चेहरा वळवला, कारण माझा हात धरून उभ्या असलेल्या पोरीकडे बघत ते करणं मला जमलं नसतं.

मी तिचा हात सोडला आणि आत गेले.